विलीनीकरण नकाशाचे झाले, माणसांचे कधी होणार?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजारोहण होते. हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्र वाहिले जाते, पालकमंत्र्यांचे भाषण होते, शाळेतली मुले प्रभातफेरी काढतात. दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयासमोर नेहमीची रांग लागते. त्या रांगेत उभ्या असलेल्या आमच्या माणसाला एकच प्रश्न विचारला जातो : १० ऑगस्ट १९५० रोजी तुमचे आजोबा कुठे राहत होते? पुरावा आणा.

ध्वजारोहण आणि ही रांग यांचा काही संबंध आहे का? आमचे म्हणणे असे की संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. पण आमच्या पदव्युत्तर शिक्षणात तो कधी शिकवला गेला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या वस्त्यांवर काम करणारे चार-पाच जण आहोत. सगळ्यांनी समाजशास्त्रात एम.ए. केले. कोणी वसमतचा, कोणी औंढ्याचा, कोणी सेनगावचा. राजकीय समाजशास्त्राच्या पेपरात ‘राजकीय एकात्मीकरण’ हा घटक होता. दोन शेजारी राष्ट्रे किंवा राज्ये एकमेकांत कशी मिसळतात, का मिसळतात, कुठे अडतात, असा तो विषय. आम्ही नोट्स काढल्या, पाठ केल्या, परीक्षा दिल्या. त्या नोट्समध्ये युरोप होता, सार्क होती. पैनगंगा मात्र नव्हती.

आधी त्या नोट्समध्ये काय होते ते थोडक्यात सांगतो, कारण ते टाकाऊ नव्हते.

डेव्हिड मित्रानी याने १९४३ मध्ये मांडले की देशांनी आधी सार्वभौमत्वाचा वाद घालू नये. रेल्वे, टपाल, आरोग्य, व्यापार अशा कामाच्या गोष्टी एकत्र कराव्यात, शांतता मागून येईल. अर्न्स्ट हास याने १९५८ मध्ये त्यात भर घातली. एका क्षेत्रातले सहकार्य दुसऱ्या क्षेत्रात ओसंडते, असे त्याचे म्हणणे. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी १९५१ मध्ये कोळसा आणि पोलाद एका छत्राखाली आणले. त्यातूनच पुढे १९५७ चा रोमचा करार आणि १९९२ चा मास्ट्रिख्टचा करार झाला. कार्ल डॉइच याने वेगळा मुद्दा काढला. त्याच्या मते करारापेक्षा महत्त्वाचा असतो तो लोकांच्या मनातला ‘आपण’. तो ‘आपण’ तयार झाला की शेजाऱ्यांमधले तंटे युद्धाशिवाय सुटतात. आणि मायरन वायनर याने १९६५ मध्ये एकात्मीकरणाचे प्रकार सांगितले. प्रदेश एका सत्तेखाली येणे हा एक प्रकार, राज्यकर्ते आणि सामान्य जनता यांच्यातले अंतर कमी होणे हा दुसरा, किमान समान मूल्ये मान्य होणे हा तिसरा. त्याने आणखीही प्रकार सांगितले आहेत, पण आमच्या कामाचे हे तीन.

आता ही मोजपट्टी घेऊन आमच्या जिल्ह्याकडे बघू.

हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. पलीकडे वाशीम आणि यवतमाळ हे वऱ्हाडातले जिल्हे. आज नदीवरच्या पुलावरून एस.टी. जाते तेव्हा कोणी मान वर करून बघतही नाही. पण १९४८ पर्यंत हीच नदी दोन राज्यांची सरहद्द होती. कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचेच, पण १८५३ पासून ते इंग्रजांच्या ताब्यात होते. हिंगोलीत त्या काळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या फौजेच्या खर्चापोटीच निजामाला वऱ्हाड सोडावे लागले. अलीकडे निजामाचे राज्य आणि त्याचे स्वतःचे चलन : हाली सिक्का. पलीकडे कलदार रुपया. अलीकडे निजामाचे टपाल तिकीट, निजामाची रेल्वे आणि सरहद्दीवर मालावर जकात घेणारे करोडगिरीचे नाके. पूर्णेहून निघालेली रेल्वे हिंगोलीला येऊन संपत असे. वाशीम-अकोल्याकडे रूळ गेले ते विलीनीकरणानंतर. मित्रानीचे उदाहरण शोधायला ब्रुसेल्सला जायची काय गरज आहे? हिंगोलीचे रेल्वे स्टेशन पुरे.

यावर एका प्राध्यापकांनी आम्हाला ऐकवले होते, “अरे, तो इतिहासाचा विषय झाला. दोन देश कुठे होते तिथे?” आमच्यातल्या एका मैत्रिणीला लघुप्रबंधासाठी हाच विषय घ्यायचा होता. तिला युरोपीय संघ घ्यायला सांगितले गेले. संदर्भ सहज मिळतील, हे कारण.

दोन देश होते की नव्हते, हाच तर त्या काळचा मुख्य वाद होता. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे आणि १९४१ च्या जनगणनेत एक कोटी साठ लाखांहून अधिक लोकसंख्येचे हे संस्थान १५ ऑगस्ट १९४७ ला भारतात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजाम सरकारचे शिष्टमंडळ पॅरिसला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर उभे राहिले. त्याच आठवड्यात, १३ सप्टेंबरला, भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. सुरक्षा परिषदेच्या विषयपत्रिकेवर गेलेला प्रश्न राजकीय एकात्मीकरणाचा नसेल, तर कोणता असेल?

आणि त्या शिष्टमंडळात कोण होते? बी. श्यामसुंदर. औरंगाबादकडचे, अस्पृश्य समाजातले नेते. ही गोष्ट आमच्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे?

इथे थोडे थांबून नीट बोलले पाहिजे, कारण या मुद्द्यावर आपल्यावर दोन्हीकडून चिखलफेक होते. एक बाजू म्हणते, दलित निजामाचे हस्तक होते. दुसरी बाजू म्हणते, निजाम दलितांचा कैवारी होता. दोन्ही खोटे आहे.

निजामाच्या राजवटीत अस्पृश्यांसाठी एक कोटीचा निधी बाजूला काढला गेला, बी. एस. व्यंकटराव हे निजाम सरकारात मंत्री झाले, हे खरे. सवर्ण हिंदूंच्या जाचाला कंटाळलेल्या काही नेत्यांना मजलिसच्या बाजूने उभे राहणे जवळचे वाटले, हेही खरे. पण त्याच राज्यात १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी गेले असताना हौदाचे पाणी ‘बाटवले’ म्हणून त्यांना शिवीगाळ झाली, आणि ती करणारे मुसलमान होते. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. जातीने धर्माची आणि राज्याची हद्द कधीच पाळली नाही.

बाबासाहेबांची भूमिका स्वच्छ होती. हैदराबाद आणि त्रावणकोर यांनी स्वतंत्र राहण्याची भाषा सुरू केली तेव्हा, जून १९४७ मध्येच, त्यांनी कायद्याच्या अंगाने दाखवून दिले की संस्थानांना असे सार्वभौम होता येणार नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी हैदराबादच्या अस्पृश्यांना बजावले की निजामाची बाजू घेऊ नका, सुटका होईल म्हणून धर्मांतरही करू नका. जे. एच. सुब्बय्या यांच्या नेतृत्वाखालच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने हीच दिशा धरली. म्हणजे ‘विलीनीकरण व्हावे’ हे म्हणण्यात बाबासाहेब कोणाच्याही मागे नव्हते. प्रश्न त्यांचा पुढचा होता : विलीन झाल्यावर आमच्या माणसाला काय मिळणार?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी देशाला सावध केले ते याच अर्थाने. राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात-अर्थकारणात मात्र विषमता, हा अंतर्विरोध लवकर मिटवला नाही तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल, असे त्यांचे सांगणे होते. वायनरने सोळा वर्षांनी कप्पे पाडून जे मांडले त्याचा गाभा बाबासाहेबांच्या या भाषणात आहे. पण आमच्या पेपरात वायनर ‘सिद्धांतकार’ आणि बाबासाहेब ‘समाजसुधारक’! हा भेद कोणी केला, का केला, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा.

आता विलीनीकरणानंतर काय झाले ते पाहू.

२६ जानेवारी १९५० ला हैदराबाद हे भारतीय संघराज्यातले ‘ब’ वर्ग राज्य झाले आणि निजाम त्याचा राजप्रमुख. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा निघाला. १९४० साली वसमतला जन्मलेला माणूस घर न सोडता निजामाची प्रजा, हैदराबाद राज्याचा नागरिक, मुंबई राज्याचा रहिवासी, महाराष्ट्राचा मतदार आणि शेवटी हिंगोली जिल्ह्याचा झाला. नकाशे चार-पाच वेळा बदलले. त्याच्या घराची दिशा बदलली का? ते गावकुसाबाहेरच राहिले.

पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि लगतच्या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवले. त्यांच्या अंदाजाने २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड होते. नांदेड म्हणजे आमचा शेजार. हा अहवाल अनेक दशके सामान्य वाचकाच्या हाती पडला नाही. रझाकारांनी केलेले अत्याचार सांगायलाच हवेत. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील होता, त्यामुळे ती जखम घरची आहे. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या हुतात्मा बहिर्जींसारख्या तरुणांचे बलिदानही सांगायलाच हवे. पण एकाचे अश्रू मोजायचे आणि दुसऱ्याचे मोजायचे नाहीत, याला अभ्यास म्हणत नाहीत. ज्या विलीनीकरणाच्या पहिल्याच महिन्यांत शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारले, तिथे डॉइचचा ‘आपण’ कितपत तयार झाला, हा प्रश्न परीक्षेत यायला हवा.

जमिनीचे काय झाले? १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला, १९५४ मध्ये इनाम निर्मूलनाचा कायदा आला. कायदे चांगले होते. पण कूळ म्हणून ज्याचे नाव लागले त्याला जमीन मिळाली. सालगड्याचे नाव कुठेच लागत नव्हते. म्हणून १९५३ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यातल्या भूमिहीनांना सत्याग्रह करावा लागला, आणि १९६४-६५ मध्ये देशभर पुन्हा तुरुंग भरावे लागले. आजही आमच्या भागात गायरान कसणारा माणूस १४ एप्रिल १९९० पूर्वीचा कब्जा दाखवण्यासाठी दंडाच्या जुन्या पावत्या ट्रंकेतून काढतो आणि ‘एक ई’च्या नोंदवहीत बापाचे नाव आहे का ते बघायला तलाठ्याकडे खेटे घालतो.

आणखी एक गंमत बघा. आजही मराठवाड्यात कुळवहिवाटीला ‘हैदराबाद’ नावाचाच १९५० चा कायदा लागू आहे. पैनगंगा ओलांडली की विदर्भाचा १९५८ चा वेगळा कायदा. पश्चिम महाराष्ट्रात तिसराच, १९४८ चा मुंबईचा. राज्य एक होऊन सहा दशके उलटली, पण जमिनीच्या कागदावर जुनी सरहद्द जशीच्या तशी आहे. युरोपीय संघात अजून कोणत्या देशाचा कोणता कायदा वेगळा आहे, हे आम्ही पाठ केले होते. हे मात्र आम्हाला तहसीलमधल्या कामातूनच कळले.

मूल्यांच्या एकात्मीकरणाची परीक्षा १९७८ मध्ये झाली. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. राज्यकर्त्यांनी मान्य केले आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. सोळा वर्षे! हैदराबादचे लष्करी विलीनीकरण पाच दिवसांत झाले. एका नावाला सोळा वर्षे लागली. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना मराठवाड्याचे वेगळे राज्य सुचवले होते. निजामाने दुर्लक्षित ठेवलेला हा प्रदेश मोठ्या राज्यात पुन्हा दुर्लक्षित राहील, आणि मोठ्या राज्यात बहुसंख्य जातीच्या हाती एकवटलेली सत्ता अल्पसंख्य जातींना चिरडेल, ही त्यांची भीती होती. त्यांच्या योजनेशी कोणी सहमत असो वा नसो, पण ती भीती किती खरी होती हे १९७८ ने दाखवले.

आता त्या रांगेकडे परत येऊ.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो. विमुक्त-भटक्यांसाठी हीच तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. मुंबई-पुण्याच्या माणसासाठी ही नुसती तारीख आहे. आमच्यासाठी मात्र ती दुसऱ्या राज्याच्या दप्तरात शिरण्याची तारीख आहे, कारण त्या दिवशी हिंगोली हैदराबाद राज्यात होती. कागद उर्दूत, काही मोडीत. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांचे नाव कुठल्या तरी सेतवारात, खासरा पत्रकात सापडते. ज्यांना जमीनच नव्हती त्यांनी काय दाखवायचे? ज्या आजोबांना शाळेच्या पायरीवर बसू दिले नाही त्यांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्याची मागणी करणे, ही कोणत्या प्रकारची समानता?

कळमनुरी तालुक्यातल्या एका मुलीचे प्रकरण आमच्याकडे होते. पणजोबा सालगडी, सातबारा नाही. आजोबा निरक्षर. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त ‘बौद्ध’. शेवटी चुलत आजोबांचे नाव एका जुन्या शाळेच्या उर्दू रजिस्टरात असल्याचे कळले. ते वाचून दाखवायला आम्ही एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. चष्मा लावून त्यांनी ओळीवरून बोट फिरवले आणि एका शब्दावर थांबून म्हणाले, “हे घ्या बेटा, महार.” जो शब्द पुसण्यासाठी तिच्या आजोबांनी धम्म स्वीकारला, तोच शब्द सापडला म्हणून त्या घरात आनंद झाला. वैधता प्रमाणपत्र आले, पण प्रवेशाची मुदत टळल्यावर. त्या वर्षी तिची अभियांत्रिकीची जागा गेली. ती आता बी.ए. करते आहे. कार्यालयाचे नाव आम्ही घेत नाही. सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालते.

एवढ्यावर संपत नाही. १९५६ च्या रेषेने आमच्या सोयरिकी कापल्या. बिदर कर्नाटकात गेले, आदिलाबाद आंध्रात आणि आता तेलंगणात. पण रोटीबेटी व्यवहार चालूच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये, मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात, स्पष्ट केले की एका राज्यातली अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती दुसऱ्या राज्यात गेली तर तिथल्या सवलतींवर तिचा हक्क राहत नाही, जातीचे नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असले तरी. बिदरकडून हिंगोलीत सून म्हणून आलेल्या मुलीला नोकरीसाठी अर्ज करताना हे समजते. तिची जात बदललेली नसते, गावकुसाबाहेरचे घरही बदललेले नसते. बदललेली असते ती राज्याची हद्द. तिच्या आजीच्या काळात ही दोन्ही गावे एकाच राज्यात होती. निकालामागे घटनेतला तर्क आहे हे आम्ही जाणतो. पण अस्पृश्यता हद्द ओलांडून चालते आणि तिच्यावरचा उपाय हद्दीवर थांबतो, याचा विचार एकात्मीकरणाच्या अभ्यासकाने करायचा नाही तर कोणी करायचा?

कोणी म्हणेल, हे जुने उकरून काय मिळणार? जुने कुठे आहे? २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदी शोधत फिरली. २ सप्टेंबर २०२५ ला राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटबाबत शासन निर्णय काढला. त्यानंतर बंजारा समाजानेही त्याच गॅझेटचा आधार घेऊन मागणी पुढे केली. म्हणजे सात दशकांपूर्वी विलीन झालेल्या राज्याचा कागद आज महाराष्ट्राचे राजकारण हलवतो आहे. कोणाला आरक्षण मिळावे-न मिळावे हा या लेखाचा विषय नाही. मुद्दा एवढाच की ज्या समाजाकडे मनुष्यबळ आणि दबाव आहे त्याच्यासाठी सरकार दप्तरखान्यात जाऊन नोंदी शोधते. आणि आमच्या मुलीला मात्र सांगते : तुमचा कागद तुम्हीच आणा.

जगाकडे पाहिले तरी हीच कसोटी लागते. रोमानिया आणि बल्गेरिया २००७ मध्ये युरोपीय संघात आले. तिथले रोमा लोक कागदोपत्री संघाचे नागरिक झाले. तरीही २०१० मध्ये फ्रान्सने त्यांच्या वस्त्या मोडल्या आणि शेकडो रोमांना परत पाठवले. आपल्याकडे भारत आणि बांगलादेश यांनी ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री एकमेकांच्या हद्दीत अडकलेले भूभाग बदलून घेतले. १११ भारताचे, ५१ बांगलादेशाचे. १९७४ च्या करारानंतरही तिथल्या माणसांना चार दशके वाट पाहावी लागली, आणि तोवर शाळा, दवाखाना, मतदान यांसाठी लागणारा धड कागद त्यांच्याकडे नव्हता. सार्क १९८५ मध्ये ढाक्यात स्थापन झाली. २०१४ च्या काठमांडूनंतर तिची शिखर परिषदच भरलेली नाही. एकात्मीकरण झाले की नाही हे करार करणाऱ्यांना विचारून कळत नाही. ज्याच्याकडे सगळ्यात कमी कागद आहेत त्याला विचारावे लागते.

म्हणून आमच्या विद्यार्थी बंधू-भगिनींना आमचे सांगणे आहे. युरोप शिका, सार्क शिका, जरूर शिका. पण लघुप्रबंधाचा विषय निवडताना पैनगंगेच्या काठावर उभे राहून पाहा. करोडगिरीच्या नाक्यांमुळे दोन काठांच्या बाजारांत काय फरक होता? मुक्तिसंग्रामात आणि पोलीस कारवाईत तुमच्या गावच्या महारवाड्याचे, मांगवाड्याचे, मुसलमान मोहल्ल्याचे काय झाले? इनाम निर्मूलनानंतर महारकीची जमीन कोणाच्या नावावर गेली? दुसऱ्या राज्यातून आलेल्या किती सुनांना दाखला मिळालेला नाही? यातल्या एकेका प्रश्नात एकेक पीएच.डी. आहे. मार्गदर्शक ‘संदर्भ मिळणार नाहीत’ म्हणाले तर त्यांना नम्रपणे सांगा की संदर्भ तहसीलच्या अभिलेख कक्षात आहेत आणि ते वाचायला उर्दू व मोडी शिकावी लागेल. आपल्यातल्या दहा मुलांनी या दोन लिप्या शिकल्या तर प्रबंध होतील, आणि वस्तीतल्या शेकडो घरांचे दाखलेही निघतील.

आणि घाई करा. १९४८ स्वतः पाहिलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. आम्ही गेली दोन वर्षे विहारात रविवारी बसून अशा म्हाताऱ्या माणसांचे बोलणे मोबाईलवर रेकॉर्ड करतो आहोत. एका आजींनी सांगितले, “राज बदललं म्हनून पेढे वाटले पाटलानं. आमाला लांबून टाकले, वट्यात झेलले आमी.” वायनरच्या तिन्ही प्रकारांवरचे उत्तर या दोन वाक्यांत आहे. हे वाक्य कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. त्या आजी मागच्या पावसाळ्यात गेल्या.

येत्या १७ सप्टेंबरला ध्वजारोहणाला अवश्य जा. मुक्तिसंग्राम आपलाही आहे, तो कोणाला आंदण दिलेला नाही. घरी परतल्यावर मात्र आपल्या वस्तीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा, वही काढा आणि विचारा : तेव्हा तुम्ही कुठे होता, आणि तुमच्या वाट्याला काय आले?

जय भीम!